जुनी लाकडी लाँच किती वर्षं चालते? (मोरा - भाऊचा धक्का)

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज लिहायला कारण मिळालं.

मी नेरूळला राहतो, मूळचे आम्ही मोऱ्याचे, म्हणजे उरणचे. माझे आजोबा मोरा ते भाऊचा धक्का लाँचवर होते, आधी खलाशी, मग तांडेल (खलाश्यांचा मुकादम), शेवटी सारंग, म्हणजे लाँच चालवणारा. १९८८ ला घरी बसले. मागच्या रविवारी बाबांना घेऊन सारसोळे जेट्टीच्या बाजूला चालायला गेलो होतो (बाबा ७३, डॉक्टरने रोज चालायला सांगितलंय, रोज काही होत नाही). तिथे खाडीत तिवरांच्या (खारफुटीच्या) आत एक मोठी लाकडी लाँच कुशीवर पडलेली आहे. मी ती पाच-सहा वर्षं बघतोय, कधी लक्ष दिलं नाही. बाबा थांबले ते थांबलेच. म्हणाले, ही आपली. मी म्हटलं कशावरून, सगळ्या सारख्याच तर दिसतात, वर रंग पण उडालाय, नाव पण नाही. तर म्हणे नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) डाव्या अंगाला बघ, तीन फळ्या आखूड आहेत. तुझ्या आजोबांनी एकदा धक्क्याच्या पायऱ्यांना घासली होती, ती ठिगळं आहेत, आणि त्याचे पैसे चार महिने पगारातून कापले होते, त्या दिवाळीत आम्हाला कपडे नाहीत.

मी मोबाईलवर झूम करून बघितलं. तीन फळ्या खरंच आखूड आहेत!!

आता प्रश्न. बाबांच्या मते लाँच १९६० च्या आसपासची, म्हणजे साठ वर्षांहून जास्त. लाकूड खाऱ्या पाण्यात एवढं टिकतं का, की बाबा उगाच भावुक झालेत? अशा लाँचचं आयुष्य असतं किती, ती रिटायर कोण करतं, आणि मोऱ्याची लाँच नेरूळच्या चिखलात आली कशी? शेवटचं म्हणजे तिचं सुकाणूचं चाक वगैरे काही शिल्लक असेल तर घेता येईल का, कोणाला विचारायचं? मला बोटीतलं काहीच कळत नाही, मी आयटीत आहे. बाबांनी पण कधी लाँचवर काम केलं नाही, आयुष्यभर तुर्भ्याच्या एमआयडीसीत गेले, आजोबांनीच पाठवलं नाही म्हणे.

उरणची_सून
तुमचं वाचून काटा आला दादा. मी १९८६ ते ९८ रोज मोऱ्याहून फोर्टला नोकरीला जायचे, त्यामुळे तुमच्या आजोबांच्या लाँचमधून शेवटची दोन वर्षं तरी मी गेलेलीच असणार. सारंगाचं तोंड आम्हाला कधी दिसायचं नाही, तो पुढे, आम्ही पाठमोऱ्या. पण लाँच धक्क्याला कशी लागते त्यावरून आज कोण आहे ते बायका सांगायच्या. काही जण अशी लावायचे की डब्यातली आमटी पण हलायची नाही, आणि काही जण आदळायचे.

तरुण मुलांना कळणार नाही पण उरणला लाँच म्हणजे हौस नव्हती. वाशीचा पहिला पूल १९७३ चा, त्याच्या आधी गाडीने मुंबईला जायचं म्हणजे पनवेलवरून ठाण्याला वळसा. माझ्या सासूबाई बाळंतपणाला लाँचने गेलेल्या आणि बाळ घेऊन लाँचनेच आलेल्या. पूल झाला तरी आम्ही लाँचच धरायचो, पाऊण-एक तासात भाऊचा धक्का, तिथून बस पकडून बोरीबंदर. एसटीने गेलं तर दोन-अडीच तास कुठेच गेले नाहीत.

त्रास एकच, सुकती. मोऱ्याला गाळ एवढा की पाणी उतरलं की लाँच जेट्टीला लागतच नाही, लांब उभी करायची आणि तिथून होडीत उतरून यायचं, साडी एका हातात, पर्स दातात. फार उतरलं तर फेरीच बंद. आणि दर पंधरा दिवसांनी हे नेमकं ऑफिसच्याच वेळेला यायचं, जायच्या पण आणि यायच्या पण. मी तर समजायचे देव मुद्दाम करतो. आमच्या साहेबांना मी एकदा सांगितलं की पौर्णिमा होती म्हणून उशीर झाला, ते माझ्याकडे असे बघायला लागले की बाईंचं डोकं फिरलंय.

चाकाचं मला माहीत नाही, कोणीतरी जाणकार सांगेलच. बाबांना घेऊन जवळून बघून या मात्र.

ठाण्याचा_पम्या
भारी धागा. सिरियसली विचारतो, ही लाँच उचलून त्याचं कॅफे का नाही करत कोणी? पाम बीचवर तुफान चालेल, वर लायटिंग सोडायचं. आमच्या इकडे घोडबंदरला खाडीकिनारी एवढं सुशोभीकरण चाललंय, अशी एक खरी बोट ठेवली तर लोक रांगा लावतील सेल्फीला.
अवांतर: भाईंदर - वसई रोरो ला गेलो होतो, २०२४ ला चालू झाली ती. गाडी सकट पलीकडे. रस्त्याने तो घोडबंदरचा ट्रॅफिक भोगायचा त्यापेक्षा हे मस्त. म्हणजे बोटी परत येतायत असं म्हणायला हरकत नाही.

इंजिनखाली
खाडीकाठचा, तुमच्या आजोबांचं नाव इथे लिहू नका, मी ओळखले. कानात बाळी, हसायचे कमी आणि चहा बशीतून. मी त्यांच्या हाताखाली खाली इंजिनरूममध्ये होतो, आधी ऑइलमन आणि नंतर ड्रायव्हर. आता उलव्याला मुलाकडे असतो. तुमचे बाबा बरोबर सांगतात. ती आखूड फळ्यांची लाँच मी ओळखतो कारण ती घासली तेव्हा खाली मी होतो. त्यात त्यांची चूक अर्धीच होती, उरलेली अर्धी माझी, तेव्हा कोणी विचारलं नाही आणि मी पण सांगितलं नाही. पुढे सांगतो.

आधी लाकडाचं. लाकूड खाऱ्या पाण्यात कुजत नाही हो, गोड्या पाण्यात कुजतं. पावसाचं पाणी वरून आत मुरलं की लाँच मरते. म्हणून डेक आणि छप्पर आधी जातात, बूड मागे राहतं. तुम्ही आता बघा, वरचं गेलं असेल पण चिखलातलं बूड धडधाकट असेल. दुसरं, साठ वर्षांची लाँच म्हणजे साठ वर्षांचं लाकूड नव्हे. पठाण (खालचा मुख्य लांब वासा, ज्यावर सगळं उभं असतं) तो मूळचा, आणि वांक बरेचसे मूळचे, वांक म्हणजे लाँचच्या बरगड्या समजा. बाकी फळ्या दर वर्षी दोन इथल्या चार तिथल्या करत सगळ्या बदलून होतात. आमच्याकडे पस्तीस चाळीस वर्षं चाललेल्या लाँच मी स्वतः बघितल्यात, सागवानाच्या आणि मालक खर्च करणारा असेल तर. मालक कंजूस असेल तर पंधरा वर्षांत पंपावर जगते, आत येईल तेवढं पाणी बाहेर फेकायचं.

वर्षातून एकदा तरी बाहेर काढायची. उधाणाच्या मोठ्या भरतीला जितकी वर येईल तितकी आणायची, दोन्ही बाजूंना टेकू लावायचे, पाणी उतरलं की ती जमिनीवर उभी. मग खरवडा. शिंपल्या, कालवं, शेवाळ, काय काय धरलेलं असतं आणि त्याच्या वजनाने लाँच निम्मी हळू होते, डिझेल पिते ते वेगळं. लाकूड पोखरणारा किडा असतो तो बाहेरून दिसत नाही, भोक सुईएवढं, आत बोट जाईल एवढी पोकळी, म्हणून हातोडीने ठोकत जायचं आणि आवाज ऐकायचा, बद आवाज आला की फळी काढा. सांध्यात कापूस ठोकून भरायचा, वरून राळ. मग तांबडा रंग. पुढच्या उधाणाची वाट बघायची, तेव्हा पाण्यात. म्हणजे चौदा पंधरा दिवस लाँच बंद, मालकाचं तोंड वाकडं.

आता ती घासली कशी ते. सारंग वर पुढे उभा, त्याला इंजिन दिसत नाही, आणि मी खाली, मला समुद्र दिसत नाही. मधे एक दोरी आणि एक घंटी. टोल्यांवरून मला कळायचं पुढे, हळू, बंद, मागे. त्या आवाजात, लेलँडचं सहा सिलिंडर इंजिन, ट्रकला असतं तसलंच फक्त गिअरबॉक्स दर्याचा, त्यात ऐकायचं. माझे कान आज गेलेत ते त्यामुळेच. तर त्या दिवशी धक्क्याला लागताना आजोबांनी मागे मारायची घंटी दिली, आणि त्याच वेळी पंख्यात (लाँच ढकलणारा, पाण्याखालचा) जाळं आलं. आधी मला वाटलं घंटी बंदची झाली. तेवढ्यात लाँच पायऱ्यांवर. मी खाली आणखी जोर लावला असता तर गिअर गेला असता पण फळ्या वाचल्या असत्या. मालकाने विचारलं सारंग कोण होता. लाँचवर काही झालं की सारंगच धरतात, तो नियमच आहे. ते मला एक शब्द बोलले नाहीत, उलट त्याच रात्री सुरी घेऊन पाण्यात उतरून जाळं कापायला खलाश्याबरोबर स्वतः गेले.

कपड्यांचं मला आज कळलं.

पम्या, कॅफे करायला ती जागची हलली पाहिजे. खाली लिहिणारे लिहितीलच.

कागदपत्रवाला
वरच्या काकांनी लाकडाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो, कारण माझ्या अनुभवात लाँच समुद्रात कमी आणि टेबलावर जास्त संपतात. मी बरीच वर्षं बोटींच्या सर्व्हे आणि लायसनची कामं केलीत.

प्रवासी बोटीला दर वर्षी सर्व्हे लागतो. हल (बोटीचं अंग), इंजिन, बुडताना घालायची जॅकेट, आग विझवायचं सामान, माणसं किती घ्यायची तो आकडा, आणि सारंग-ड्रायव्हरचं सर्टिफिकेट. आधी १९१७ चा कायदा होता, इंग्रजांचा, तो जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. राज्यात हे सगळं मेरीटाइम बोर्ड बघतं, ते १९९६ पासून, त्याआधी बंदर खातं. आता लाँच "रिटायर" कोण करतं, तर कोणीच नाही. असा दिवस, हार, नारळ काही नसतं. एका वर्षी सर्व्हेवाला बारा गोष्टींची यादी देतो, मालक हिशोब मांडतो की ह्या बारा गोष्टींना जेवढे लागतील तेवढे तिकिटातून येतात का, आणि येत नाहीत. मग म्हणतो पुढच्या महिन्यात करू. पुढचा महिना येत नाही. सर्टिफिकेट संपलं की प्रवासी घेता येत नाहीत.

मोऱ्याची तर गिऱ्हाइकं पण कमी झाली. खारकोपरपर्यंत ट्रेन २०१८ ला आली. मग १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी अटल सेतूचं आणि उरणपर्यंतच्या ट्रेनचं उद्घाटन झालं. सेतू जवळपास २२ किलोमीटर, गाडीवाला वीस मिनिटांत शिवडीला, आणि गाडी नसलेल्याला ट्रेन, ओहोटी नाही भरती नाही. लाँच अजून चालू आहे पण आता तिला जाणारे म्हणजे ज्यांचं काम भाऊच्या धक्क्याच्या आसपासच आहे ते, किंवा मासळीवाले, किंवा सवयीने.

प्रवासी सर्टिफिकेट गेलेली लाँच तरी लगेच भंगारात जात नाही. बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजांना भाजीपाला, पाणी, सामान पोचवायला लागते. त्याच्यानंतर इंजिन निघतं, पंखा निघतो (पितळी असतो, वजनावर जातो), आणि सांगाडा कुठल्या तरी खाडीत ओढून ठेवतात जिथे भाडं मागणारा कोणी नाही. तुमची सारसोळेला आली ती तशीच आली असणार. अशा सांगाड्याच्या आडोशाला गाळ साचतो, गाळात तिवर रुजतात. आणि तिवर एकदा आली की संपलं, २००५ च्या हायकोर्टाच्या आदेशापासून तिवरांना हात लावायची सोय नाही. लाँच ओढायची तर तिवर तोडावी लागणार. त्यामुळे पम्याशेठ, कॅफे विसरा. खरं सांगायचं तर त्या तिवरांनीच ती भंगारवाल्यांपासून वाचवली आहे, नाहीतर जुन्या सागाला आज काय भाव आहे माहितीये ना, तिचे एव्हाना कोणाच्या तरी बंगल्यात दरवाजे झाले असते.

चाकासाठी मालकाला विचारा, कागदावर ती अजून त्याचीच. गुपचूप उचलून आणू नका.

ठाण्याचा_पम्या
ओके ओके कॅफे कॅन्सल 🙏 पण एक विचारतो, हे रामदास बोट प्रकरण ते ह्याच रूटवर झालं ना? आमची आजी गटारीला अजून ते नाव काढते.

उरणची_सून
नाही रे, रामदास रेवसला जात होती. ती लाँच नव्हे, मोठी आगबोट. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटली, गटारी अमावास्या म्हणून घरी जाणारे खूप. काशाच्या खडकाजवळ लाटा लागल्या, माणसं एका अंगाला धावली आणि बोट कलंडली, सहाशेच्या वर गेले. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. आमच्याकडे मोठी माणसं अजून लाँचमध्ये ओरडतात, एका बाजूला जमू नका, फोटो काढायला सगळे एकदम उठू नका. मोऱ्याची फेरी पावसात पण चालते, कारण बंदराच्या आतून जाते. तीन नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला की मात्र बंद.

आणि इंजिनखाली काका, तुमचं वाचून मी दोन वेळा डोळे पुसले. तुम्ही आता इथे लिहिलंत, त्यांच्या घरी पण सांगा.

खाडीकाठचा
सगळ्यांना थँक्स, एवढे रिप्लाय येतील असं वाटलं नव्हतं.

इंजिनखाली काका, तुमचा रिप्लाय मी बाबांना वाचून दाखवला. पहिल्यांदा काही बोलले नाहीत. उठून बाल्कनीत गेले, मग येऊन म्हणाले परत वाच, ते जाळ्याचं. मग म्हणाले, म्हणून त्या रात्री ओले आले होते. एवढंच. नंतर आईला हाक मारून सगळं परत पहिल्यापासून सांगितलं, आई म्हणे मला हे ३५ वर्षांत कधी सांगितलं नाहीत, तर म्हणाले मला तरी कुठे माहीत होतं. काका तुम्हाला ते भेटायचं म्हणतायत. उलवे लांब नाही, मी मेसेज करतो. रागवलेले नाहीत, घाबरू नका.

मालकाचा पत्ता बाबांनी मोऱ्यातल्या चुलत्यांना विचारून काढला. फोन केला, त्यांचा मुलगा बघतो आता. तो म्हणाला चाक कधीच गेलं, इंजिनच्या वेळेलाच. घंटी असेल तर असेल, घेऊन जा, मला काही नको, पण चिखलात उतरताय ते तुमच्या जबाबदारीवर. तसं व्हॉट्सॲपवर लिहून पण दिलं त्याने (कागदपत्रवाला, हे चालेल ना?).

तर येत्या रविवारी जायचा विचार आहे, सारसोळ्यातला एक ओळखीचा होडीवाला सोबत येतो म्हणालाय. पाणी कधी उतरेल ते कुठल्या ॲपवर बघायचं?

कागदपत्रवाला
चालेल. स्क्रीनशॉट ठेवा. तिवरांची फांदी पण मोडू नका म्हणजे झालं.

इंजिनखाली
ॲप कशाला. तिथी घ्या, पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अमावास्या पौर्णिमेला साधारण बाराला भरती, तिथून रोज पाऊण तास पुढे. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीनला भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. भरतीपासून सव्वासहा तासांनी सुकती. तुमचे आजोबा पंचांग खिशात ठेवायचे आणि घड्याळ घरी. आता ताईंचा हिशोब पण लागला बघा, पौर्णिमेला बाराला भरती म्हणजे सुकती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या पुढे मागे, म्हणजे तुमची ऑफिसची लाँच नेमकी त्यात. देव वगैरे काही नाही.

येत्या रविवारी दशमी आहे, भांग. भांगाला पाणी ना नीट चढत ना नीट उतरत, तुम्ही कमरेएवढ्या चिखलपाण्यात अडकाल. त्याच्या पुढच्या रविवारी द्वितीया, तेव्हा उधाण चांगलं असतं. दोन पाऊण दीड, दीडला भरती, म्हणजे सकाळची सुकती पावणेआठच्या आसपास. साडेसहाला निघा, पाणी उतरत असतानाच आत जा, नऊच्या आत बाहेर या. पाणी परत वळलं की तिवरांतून ते मागून येतं, पुढून नाही, कळत नाही.

चपला बूट काही घालू नका, चिखल ओढून घेतो. जुने मोजे घाला दोन दोन, कालवं कापतात. बाबांना जेट्टीवर बसवा.

घंटी पुढे नसेल, इंजिनरूममध्ये खाली उतरायच्या शिडीच्या डाव्या हाताला असायची, माझ्या डोक्याच्या वर. दोरी तर गेलीच असेल. मी पण येतो, मुलगा नको म्हणतोय पण येतो. मी जेट्टीवर तुमच्या बाबांजवळ बसेन.

खाडीकाठचा
पुढचा रविवार फिक्स. साडेसहा, सारसोळे जेट्टी. काका तुम्हाला उलव्याहून न्यायला मी सहाला येतो. बाबा विचारतायत चहा बशीतूनच लागतो का तुम्हाला पण.